डास चावल्यावर गांध, सूज आणि ताप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डास चावला की गांध जवळजवळ सगळ्यांनाच उठते. ती ॲलर्जी आहे का, असं विचाराल तर शास्त्राच्या हिशेबाने हो, पण काळजी करण्यासारखी क्वचितच. खाली बऱ्याच उत्तरांत घड्याळाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल, कारण चावल्यापासून किती तासांनी काय झालं हे नीट सांगता आलं, तर डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं.

डास चावल्यावर खाज नेमकी कशाने सुटते? डासाला विष असतं का?

विष नाही, लाळ. चावते ती फक्त मादी, कारण अंड्यांसाठी तिला रक्त लागतं. रक्त ओढताना ती कातडीत लाळ सोडते आणि त्या लाळेत रक्त गोठू न देणारी, रक्तवाहिन्या सैल करणारी प्रथिनं असतात. आपलं शरीर त्यांना परकं समजतं. एडिस इजिप्ती, म्हणजे डेंगीवाल्या डासाच्या लाळेतली अशी काही प्रथिनं ओळखून त्यांना एड ए १, एड ए २, एड ए ३ अशी नावं दिलेली आहेत. पहिलं ॲपायरेज, ते आपल्या रक्तबिंबिकांना एकमेकींना चिकटू देत नाही. दुसरं डी-७ कुळातलं. गंमत अशी की हे दुसरं प्रथिन शरीरातली सूज पेटवणारी रसायनं पकडून ठेवतं, म्हणजे डासाला निवांत रक्त पिता यावं म्हणून आहे, आणि ॲलर्जीच्या बाबतीत आरोपींच्या यादीत तेच वर असतं.

पुढे दोन वेगळ्या घटना घडतात. आयजीई नावाची प्रतिद्रव्यं कातडीतल्या मास्ट पेशींवर आधीच बसलेली असतील, तर त्या पेशी हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन ओततात आणि मऊ, फिकट, भोवती लाली असलेली गांध उठते. ती साधारण २० मिनिटांत सर्वांत मोठी होते आणि तास-दोन तासांत बसते. दुसरी घटना टी-पेशींची (शरीराच्या संरक्षक पेशींचा एक प्रकार), सावकाश चालणारी. त्यातून कडक, लाल, खाजरी पुळी येते, २४ ते ३६ तासांत टोकाला पोचते आणि आठवडा-दहा दिवस रेंगाळते. "काल काहीच नव्हतं, आज सकाळी फुगलं" ही तक्रार या दुसऱ्या प्रकारची. रात्री पुन्हा डास चावला असेलच असं नाही.

आमच्या मुलाचा हात टम्म फुगतो, आम्ही त्याच खोलीत झोपतो तर आम्हाला काहीच होत नाही. असं का?

कारण डासांची सवय होण्याची शिडी तुम्ही आधीच चढून गेला आहात. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी १९४६ मध्येच हे पाच टप्प्यांत मांडलं. ज्याला डास कधीच चावलेला नाही, त्याला पहिल्यांदा काहीच होत नाही. मग काही चावे झाले की फक्त उशिराची पुळी येते. त्यानंतर लगेचची गांध आणि उशिराची पुळी, दोन्ही. पुढे फक्त लगेचची गांध उरते, आणि वर्षानुवर्षं चावे खाल्ल्यावर तीही जाते. तान्ह्या बाळाच्या अंगावर पहिल्या काही चाव्यांचा मागमूस दिसत नाही तो म्हणूनच. ते बाळ डासांना आवडत नाही असा त्याचा अर्थ नव्हे. दोन ते दहा वर्षांची मुलं बहुधा मधल्या टप्प्यांवर असतात.

ही सवय डासाच्या जातीपुरतीच बऱ्यापैकी मर्यादित असते. जात बदलली, गाव बदललं की शिडी काही अंशी पुन्हा चढावी लागते.

म्हणूनच का परदेशातून सुट्टीला आलेल्या नातवंडांना इतका त्रास होतो?

हो. टोरांटो किंवा लंडनमध्ये वाढलेल्या मुलाला इथल्या क्युलेक्स (रात्री चावणारा, गटारातला डास) आणि एडिसची ओळख नसते. पहिल्या आठवड्यात कदाचित काहीच दिसणार नाही, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अचानक पायभर लाल पुळ्या येतील. उलटही होतं: पुण्याहून कॅनडात गेलेल्या मोठ्या माणसाला तिथल्या उन्हाळी डासांनी प्रथमच सुजवलं, हे अजिबात नवल नाही.

स्कीटर सिंड्रोम म्हणजे काय?

"स्कीटर" हा डासाला उत्तर अमेरिकेतला बोली शब्द. सायमन्स आणि पेंग या कॅनडातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये लहान मुलांमधल्या एका नमुन्याला हे नाव दिलं: चाव्याच्या जागी काही तासांत मोठी, गरम, लाल सूज आणि सोबत हलका ताप. अख्खा कान, पापणी, किंवा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग सुजू शकतो. पाहणाऱ्याला ती जंतुसंसर्गाची सूज वाटते आणि मुलाला विनाकारण प्रतिजैविकाचा कोर्स सुरू होतो. खरं तर ही लाळेतल्या प्रथिनांवरची जोरकस प्रतिक्रिया, आणि ती तीन ते दहा दिवसांत उतरते.

हात सुजायला लागला की पहिली गोष्ट: अंगठी, बांगडी, मनगट्या, काळा दोरा लगेच काढा. पायात वाळे असतील तर तेही. सूज चढल्यावर ते निघत नाहीत आणि मग कापावे लागतात. बाळाच्या मनगटातला दोरा सुजेच्या वळीत लपून बसतो, तेव्हा डोळ्यांनी न शोधता बोट फिरवून बघा.

मग ॲलर्जीची सूज आणि जंतुसंसर्ग ओळखायचा कसा?

घड्याळ बघा. ॲलर्जीची सूज मिनिटांत किंवा तासांत सुरू होते. पहिल्या दीड दिवसात वाढते, मग ओसरते. जंतूंना वाढायला वेळ लागतो, त्यामुळे संसर्ग बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर डोकं वर काढतो, तेही नखाने खाजवून कातडी फाटली असेल तर. दुसरा फरक: ॲलर्जीत खाज जास्त, दुखणं कमी. संसर्गात खाज मागे पडते आणि हात लावू देत नाही इतकं दुखतं.

साध्या बॉलपेनने सुजेच्या कडेवर रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. चार-सहा तासांनी बघा. ४८ तासांनंतरही लाली रेघ ओलांडत असेल, पू दिसत असेल, मधासारखी पिवळी खपली धरली असेल, जांघेत किंवा काखेत अवधाण (दुखरी गाठ) आलं असेल, किंवा चाव्यापासून वर लाल रेषा चढत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मोबाइलवर फोटो काढताना शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. "खूप मोठं होतं हो" या वर्णनापेक्षा तो फोटो कितीतरी उपयोगी पडतो.

ताप आलाय. डेंगी तर नाही?

डास चावला त्याच दिवशी सुजेसोबत कणकण आली, तर ती त्या चाव्यातून झालेली डेंगी असूच शकत नाही. डेंगीचा विषाणू शरीरात वाढायला ४ ते १० दिवस घेतो, मलेरियालाही निदान आठवडा लागतो. पण पावसाळ्यात एक लक्षात ठेवा: आजचा ताप गेल्या आठवड्यातल्या दुसऱ्याच चाव्याचा असू शकतो. म्हणून ताप १०१ फॅरनहाइटच्या वर गेला, दोन दिवस टिकला, डोळ्यांच्या मागे किंवा अंगात सणकून दुखत असलं तर रक्त तपासा. तोवर तापाला फक्त पॅरासिटामॉल: मुलांना दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन नको. डेंगी निघाली तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मुलीच्या पायांवर महिनोन्‌महिने खाजऱ्या पुळ्या येतात. घरात इतर कोणालाच नाहीत, म्हणजे डास नाहीतच ना?

आहेत. "मग आम्हाला का नाही?" या प्रश्नामुळेच हे निदान बऱ्याच घरांत नाकारलं जातं. याला पॅप्युलर अर्टिकेरिया म्हणतात. पाय, हात, कमरेचा पट्टा अशा जागी कडक पुळ्या झुबक्यांनी येतात, काहींच्या टोकाला पाण्याचा बारीक फोड असतो. विशेष म्हणजे नवा चावा एका जागी झाला की जुन्या, बसलेल्या पुळ्याही पुन्हा पेटतात. त्यामुळे रोज वीस डास चावतात असं वाटतं, प्रत्यक्षात दोनच चावलेले असतात. डासांइतकेच पिसवा आणि ढेकूणही याला कारण होतात, तेव्हा घरात मांजर-कुत्रा असेल तर तिकडेही बघा.

गोंधळ होतो तो तीन गोष्टींशी. पित्ताच्या गांधी अंगभर फिरतात, पण एकेक गांध २४ तासांच्या आत मागमूस न ठेवता जाते. चाव्याची पुळी त्याच जागी ठाण मांडते. खरूज असेल तर बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती पुरळ असतो, रात्री खाज अनावर होते आणि घरातली आणखी माणसं खाजवत असतात. ढेकणाचे चावे बऱ्याचदा एका ओळीत तीन-चार असतात.

मूल मोठं होताना ही तक्रार आपोआप मावळते, पण त्याला वर्षं लागू शकतात.

सकाळी उठल्यावर एक डोळा बंद इतका सुजला. काय करू?

पापणीची कातडी पातळ आणि सैल असते, आडवं झोपल्याने पाणी तिथे साचतं, म्हणून एका चाव्याने डोळा मिटतो. बोटांनी पापण्या हलकेच उघडा. डोळ्याचा पांढरा भाग स्वच्छ, नजर नीट, डोळा सगळीकडे न दुखता फिरतो: गार पट्टी ठेवा, उशी उंच करा, दुपारपर्यंत फरक पडतो. डोळा फिरवताना दुखणं, दोन-दोन दिसणं, डोळा पुढे आल्यासारखा वाटणं किंवा जोराचा ताप असेल तर वाट बघू नका, थेट रुग्णालय.

चावल्यावर घरी लगेच काय करावं?

साबण-पाण्याने धुवा. रुमालात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं ठेवा. उघडा बर्फ कातडीवर नको. सुजलेला हात-पाय उंच ठेवा. मग कॅलामाइन, बाटली नीट हलवून (तळाशी बसलेला गुलाबी थर वर यायला हवा, नाहीतर नुसतं पाणी लावलं जातं). मुलांची नखं कापा. हे शेवटचं किरकोळ वाटतं, पण चाव्यांचे जे संसर्ग होतात ते बहुतेक नखांतूनच होतात.

कोणती गोळी, किती?

झोप कमी आणणारं अँटिहिस्टामिन. सेटिरिझिन १२ वर्षांवरील सर्वांना १० मिलिग्रॅम दिवसातून एकदा. ६ ते ११ वर्षांना ५ मिलिग्रॅम, गरज पडल्यास दोनदा. २ ते ५ वर्षांना २.५ मिलिग्रॅम, गरज पडल्यास दोनदा. दोन वर्षांखाली डॉक्टरांना विचारूनच. सिरपमध्ये साधारणपणे ५ मिलीत ५ मिलिग्रॅम असतं, पण ड्रॉप्स कितीतरी दाट असतात, त्यामुळे सिरपचं माप ड्रॉप्सना लावलं की डोस कैक पटींनी चढतो. बाटलीवरचा आकडा वाचा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोस कमी लागतो.

गोळी लगेचच्या गांधीवर आणि खाजेवर चालते, उशिराच्या कडक पुळीवर तिचा जोर कमी. म्हणून ज्यांना ठरावीक त्रास होतो, त्यांनी डास असलेल्या ठिकाणी जाण्याआधीच गोळी घेतलेली बरी. फिनलंडमध्ये याच्या चाचण्या झाल्या आहेत आणि आधी घेतलेल्या सेटिरिझिनने गांध आणि खाज दोन्ही कमी झाल्याचं दिसलं. रानात, शेतावर किंवा कोकणात जायचं असेल तर त्या दिवसापासून सुरू करा.

आणि ट्यूब?

कडक पुळीवर स्टिरॉइड मलम उपयोगी: चेहऱ्यावर हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का, अंगावर डॉक्टर देतील तर मोमेटासोन ०.१ टक्का. फक्त पुळीवर पातळ थर, तीन ते पाच दिवस. फुटलेल्या, पू असलेल्या जागी लावू नका.

दुकानात "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की बऱ्याचदा जे हातात येतं, त्यात जोरदार स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक असं कडबोळं असतं. खाज दोन दिवसांत थांबते म्हणून घरोघरी ती आवडते. पण ती जागा खरं तर नायट्याची निघाली, तर स्टिरॉइडखाली बुरशी मोकाट पसरते आणि तिचं रूप इतकं बदलतं की नंतर त्वचारोगतज्ज्ञांनाही ओळखायला वेळ लागतो. आमचं मत स्पष्ट आहे: ही कडबोळी ट्यूब घरात ठेवूच नका.

चुना, टूथपेस्ट, नखाने फुली, तापवलेला चमचा?

चुना कातडी भाजतो. गांध जाईल आणि तिथे जखम राहील. टूथपेस्टने घटकाभर गार वाटतं, पण काहींना त्यातल्या पुदिन्याच्या अर्काने पुरळ येतो. नखाच्या फुलीने दुखणं खाजेवर मात करतं, एवढंच. कातडी फाटते ती वेगळी. उष्णतेच्या कल्पनेत मात्र तथ्य आहे. सुमारे ५० अंश सेल्सिअस उष्णता काही सेकंद देणारी छोटी यंत्रं खाज कमी करतात. चमच्याचं तापमान कोणी मोजत नाही, म्हणून तो पोराच्या हातावर ठेवू नका.

डासाने जीवावर बेतू शकतं का?

ॲलर्जीमुळे असं होणं फार दुर्मीळ, मधमाशी-गांधीलमाशीच्या तुलनेत तर खूपच. तरी ओळखता आलं पाहिजे. मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत, चाव्यापासून दूर अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, धाप, वारंवार उलट्या, चक्कर: यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, किंवा नुसता श्वास अडला तरी, १०८ ला फोन करा. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. धाप असेल तर बसू द्या. उठवून चालवत नेऊ नका.

यावर औषध एकच, ॲड्रेनॅलिन. १ मिलीत १ मिलिग्रॅम असलेलं इंजेक्शन, दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. १५ किलोच्या मुलाला ०.१५ मिली, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ०.५ मिली, फरक नसेल तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. फेनिरामिन किंवा डेक्सामेथासोनचं "ॲलर्जीचं इंजेक्शन" ॲड्रेनॅलिनची जागा घेऊ शकत नाही, आणि ते आधी देण्यात गेलेली मिनिटं महागात पडतात.

रक्ताची किंवा त्वचेची ॲलर्जी टेस्ट करावी का?

बहुतेकांना गरज नाही. इतिहास आणि फोटो पुरतात. अडचण अशी की बाजारातले बरेच अर्क अख्खे डास कुटून केलेले असतात. त्यात लाळ नावापुरती आणि पंख, पाय, पोट भरपूर, त्यामुळे निकाल दोन्हीकडे चुकतो. शिवाय टेस्ट पॉझिटिव्ह येणं म्हणजे शरीराने डास ओळखला, एवढंच. ते तर डासांच्या गावात राहणाऱ्या कितीतरी जणांचं येईल. त्वचेची टेस्ट करायचीच असेल तर आधी पाच ते सात दिवस सेटिरिझिन बंद लागतं, नाहीतर सगळं निगेटिव्ह दिसतं.

न चावताही डासांची ॲलर्जी होते का? लस असते का?

होऊ शकते. मेलेल्या डासांचे कण धुळीत मिसळून श्वासावाटे जातात आणि काहींना सर्दी-दम्याचा त्रास देतात. अशा रुग्णांवर क्युलेक्स क्विनक्विफॅसिएटस या नाल्यातल्या डासाच्या अर्काची इम्युनोथेरपी (लसीसारखी थोडी थोडी मात्रा देऊन शरीराला सवय लावणं) दिल्लीच्या संशोधकांनी तपासली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या दुहेरी-अंध चाचणीत (खरं औषध कोणाला दिलं हे रुग्ण-डॉक्टर दोघांनाही माहीत नसतं) फायदा दिसला. पण चाव्याच्या सुजेसाठी ही थेरपी नेहमीच्या उपचारांत मोडत नाही. कोणी पहिल्याच भेटीत तीन-पाच वर्षांचं पॅकेज सांगत असेल तर दुसरं मत घ्या.

कोळंबीची ॲलर्जी असेल तर डासांचीही असते का?

कोळंबी, झुरळ, धुळीतले माइट्स आणि डास या सगळ्यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन हे मिळतंजुळतं प्रथिन असतं. त्यामुळे टेस्टमध्ये सगळे एकदम पॉझिटिव्ह दिसू शकतात. नुसत्या त्या कागदावरून मासे-कोळंबी ताटातून काढू नका. खाल्ल्यावर प्रत्यक्ष त्रास होतो का, ते महत्त्वाचं.

मलाच जास्त का चावतात?

उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि कातडीचा वास, विशेषतः त्यातली कार्बोक्सिलिक आम्लं. गर्भारपणात आकर्षण वाढतं. लसूण किंवा बी-१ जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाऊन डास पळत नाहीत.

बचाव नेमका कसा करायचा?

आधी डास ओळखा. दिवसा घोट्याला चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस: कुंडीखालची बशी, कूलर, पिंप, फ्रिजमागचा ट्रे यांतलं साठलेलं पाणी बघा. रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स: तुंबलेलं गटार. तिन्हीसांजेला येणारा, अंगाने दांडगा आर्मिजेरिस असेल तर सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला जाळी आहे का बघा. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे साठलेलं सगळं पाणी ओतून द्यायचा दिवस. पिंप नुसतं उपडं न करता आतून घासा, अंडी भिंतीला चिकटलेली असतात.

अंगाला लावायचं तर डीट हे डास दूर ठेवणारं रसायन: १० टक्के सुमारे दोन तास, ३० टक्के सुमारे पाच तास पुरतं. दोन महिन्यांखालच्या बाळाला लावू नका, त्याला मच्छरदाणीच बरी. मुलांच्या तळहाताला आणि डोळ्यांजवळ नको. सनस्क्रीन आधी, हे नंतर. दम्याच्या माणसाच्या खोलीत कॉइल लावू नका: एका कॉइलच्या धुरातले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके मोजले गेले आहेत.

डाग कधी जातील?

सावळ्या-गव्हाळ कातडीवर पुळी बसल्यावर तपकिरी डाग काही महिने राहतो. खाजवणं थांबवा, उघड्या भागाला सनस्क्रीन लावा. लिंबू चोळून उन्हात गेलात तर डाग आणखी काळा होईल.

त्वचेचा छोटा भाग काळा पडून व्रण झाला, प्रत्येक चाव्याला जोराचा ताप येतो. हेही ॲलर्जीच का?

हे वेगळं आहे, तातडीने दाखवा. जपान, कोरिया, तैवान या भागांत अशा रुग्णांचं वर्णन जास्त आहे: चाव्यावर रक्ताचा फोड, मग काळी खपली आणि खोल व्रण, सोबत मोठा ताप आणि वाढलेल्या गाठी. मुळाशी एपस्टाईन-बार विषाणूने ग्रासलेल्या एनके पेशी (संरक्षक पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असतात आणि पुढे रक्ताचा गंभीर आजार होऊ शकतो. तसंच, आयुष्यभर डासांना दाद न देणाऱ्या साठीच्या माणसाला अचानक मोठमोठे फोड येऊ लागले, तर मलम बदलत बसण्याआधी एक साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या. रक्तपेशींच्या एका कर्करोगात, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात, असे चाव्यासारखे फोड दिसतात, कधी कधी तर डास न चावताही.